बावीस फुटांचं आतडं

आयुष्यात मी एकच आतडं बनवलं आणि तेही चुकलं.

नोकरीचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. कोरीटच्या पलीकडच्या एका गावात चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. नंदुरबारहून शाळा तपासायला शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब यायचे होते. त्यांचा शेरा चांगला आला तर मी कायम होणार, नाहीतर नाही. पाठ ठरला होता पचनसंस्थेचा. पुस्तकातलं चित्र मला तोंडपाठ होतं, पण पोटात नेमकं काय चालतं हे मुलांइतकंच मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, पोटच बनवू.

पपईच्या पानाचा पोकळ देठ झाला अन्ननलिका, वाळका दुधीभोपळा झाला जठर. देठातून भिजवलेला हरभरा सोडला की तो टपकन भोपळ्यात पडे आणि वर्ग ओरडे, “गया, गया!” प्रत्येकाला एकदा सोडून बघायचा होता. मीही चार-पाचदा सोडला.

लहान आतडं बावीस फूट, असं पुस्तक म्हणत होतं. एका मुलीचा आजा अंबाडीचे दोर वळायचा. तिला सांगितलं, “बावीसचा दोर आण.”

साहेब आले. हरभऱ्यापर्यंत सगळं झकास झालं. मग मी दोर घेतला आणि पोट म्हणून ठेवलेल्या टोपलीत कोंबू लागलो. एक वेटोळं दाबावं तर दुसरं काठावरून डोकं काढी.

“गुर्जी, इतलं लांब पोटमा कसं मावस?” तीच मुलगी म्हणाली.

मलाही तोच प्रश्न पडला होता. पण मास्तराने तो कुणाला विचारायचा?

“किती आहे हे?” साहेबांनी विचारलं.

“बावीस, साहेब.”

“बावीस काय?”

मी मुलीकडे बघितलं. “हात,” ती म्हणाली. “मन्हा आजलानी मोजा.”

गावात दोर कोपरापासून बोटांपर्यंतच्या, दीड फुटाच्या हातानेच मोजतात, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हैसनं आतडं शे हाई!” मागून कुणीतरी म्हणालं. मी घाईने भोपळा कोरायचा चाकू उचलला.

“कापू नका गुर्जी! दोर बैलना शे!”

तिने फूटपट्टी लावून बावीस फुटांवर गाठ मारली. उरलेला दोर बाहेर ठेवला, माझा हात बाजूला सारला आणि कुरडई घालावी तसा दोर वळशावर वळसा देत टोपलीत बसवला. मावला. मग तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

“इतलं मन्हामा बी शे?”

साहेब खुर्चीवरून उठून आले. टोपलीत वाकून बघितलं आणि नकळत आपल्या पोटावरून हात फिरवला. “असणार,” ते म्हणाले. “पुन्हा एकदा काढून बसव बरं.”

शेरा असा होता: मुलांना पाठ उत्तम समजला, शिक्षकांना आणखी एक वर्ष द्यावे.

घरी मी सांगतो, साहेब जाम खूश झाले होते. खोटं नाही ते. फक्त माझ्यावर झाले नव्हते.