रिकाम्या पुड्या

माझ्या मेहुण्याइतका दुसऱ्यांच्या उरलेल्या गोळ्यांवर डोळा ठेवणारा माणूस जोगेश्वरीत दुसरा नव्हता, अख्ख्या मुंबईतही नसावा. ऐंशीनंतरची गोष्ट. तो पार्ल्याला एका कातडीच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता. कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी विचारायचा, "औषधाचा डबा कुठाय?" मग सगळं खाटेवर ओतून मोजायचा. पाच कॅप्सूल उरलेल्या निघाल्या तर पाच शिव्या. एकदा लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढला आणि नवऱ्याच्या गालावरची पुटकुळी बघून म्हणाला, "कोर्स पुरा केलास, का बरं वाटलं म्हणून सोडलास?" मागे रांग खोळंबली, फोटोवाला ताटकळला, नवरी मुंडावळ्यांआड हसत राहिली.

आमच्या चाळीत त्याला कामाला तोटा नव्हता. वाटीभर साखर मागावी तशा बायका एकमेकींकडे कॅप्सूल मागायच्या. माझी बायको त्यात सगळ्यांच्या पुढे. उरलेल्या कॅप्सूल पुडीत घालून, वर दोऱ्याची गाठ मारून ती बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. आमच्या सुमीला मुरमं आली की त्यातल्या दोन दिवस द्यायची, मुरमं बसली की पुडी परत डब्यात. मेहुणा ओरडायचा, "ताई, त्या जंतूंना तू तालीम देतेयस. अर्धे मरतात, उरलेले पैलवान होतात." ती म्हणायची, "तू चहा पी आधी."

मग ती गेली. पाठोपाठ सुमीचं तोंड मुरमांनी असं उठलं की बघवेना. मी डबा उघडला, बायको द्यायची तशाच दिल्या. आठ दिवस झाले, काही नाही. पोरगी ओढणी गालावर धरून भिंतीकडे बसायला लागली. कॉलेज बंद. म्हणाली, "बाबा, आईच्या हातानंच लागू पडायच्या." मला शिक्षण नाही. मला ते खरंच वाटलं.

मेहुणा आला. शिव्या नाही दिल्या. म्हणाला, "हाताचं काही नाही, भावोजी. जंतूंना ते औषध पचायला लागलं. डॉक्टर सांगतात, विलायतेतल्या पोरींचीही हीच गत आहे." त्याच्या डॉक्टरनं कॅप्सूल बंद केल्या, एक पांढरं मलम दिलं. त्या मलमानं उशांच्या अभ्र्यांचे रंग उडाले, पण दोन-अडीच महिन्यांत पोरीचा चेहरा निवळला. ज्या सकाळी ती ओढणी नीट खांद्यावर टाकून कॉलेजला निघाली, त्या दिवशी मी किती दिवसांनी पोटभर जेवलो.

मग मेहुण्यानं डबा मागितला. मी म्हटलं, "हात लावलास तर तंगडी मोडीन. तिच्या हातच्या गाठी आहेत त्या." त्यानं खाटेवर बसून एकेक गाठ नखानं सोडवली, कॅप्सूल काढल्या आणि रिकामी पुडी होती तशी परत बांधली. सगळी दुपार गेली.

आता सुमीची पोरं मोठी झालीत. मेहुणा थकलाय, त्याला नीट दिसत नाही. तरी आला की पाण्याआधी डबा मागतो. मी देतो. तो बोटांनी चाचपत पुड्या मोजतो, झाकण लावतो आणि म्हणतो, "आहेत सगळ्या."