घासून लख्ख केलेलं यंत्र

ज्या गावात एकेकाळी पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या लातुरात राहून मी पाण्याखाली श्वास घेण्याची जुनी यंत्रं जमवतो. मी शिकवतो त्या क्लासमधले सहकारी हसतात. हसू देत, हौसेला मोल नसतं. पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात जुने रबरी मास्क, शिशाच्या वजनांचे पट्टे आणि मधोमध माझा लाडका दोन नळ्यांचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र. पाठीवर गोल पितळी डबा आणि त्यातून दोन्ही कानांजवळून तोंडापर्यंत येणाऱ्या जाड रबरी नळ्या. हा मला नांदेडच्या भंगार बाजारात मिळाला होता.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचे वडील प्रवेशाची चौकशी करायला घरी आले. कपाटासमोर थबकले आणि म्हणाले, हे तर आमच्या मारोतीकाकांचं यंत्र, असं दुसरं आमच्या भागात कुणाकडेच नव्हतं. काका म्हणे धरणाच्या दारांच्या कामावर पाणबुडे होते आणि आता मुखेडकडे गावी असतात. मी त्याच रात्री बेत ठरवला. काकांच्याच विहिरीत, काकांच्याच यंत्रानं बुडी मारायची, त्यांच्यासोबत फोटो काढायचा आणि ब्लॉगवर टाकायचा. शीर्षकसुद्धा सुचलं होतं. ते आता सांगत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला गाडी काढली. मागच्या सीटवर मालवणहून भरून आणलेलं हवेचं सिलिंडर, तान्हं मूल असावं तसं रजईत गुंडाळलेलं. (एसटीनंही जाता येतं, पण सिलिंडर बघून कंडक्टर तुम्हाला आत घेणार नाही.) चाकूरला गरम सुशीला (फोडणीचे चुरमुरे) आणि मिरची भजी खाल्ली. चुरमुऱ्यांना इतकी चव येते हे पुण्याकडच्यांना सांगून पटत नाही, स्वतः येऊन खा. शिरूर ताजबंदला मुख्य रस्ता सोडून जांबमार्गे मुखेड. दोन्ही बाजूंना तूर वाळत उभी होती. रस्ता बराच चांगला आहे, पण मुखेडच्या पुढे गावापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर खड्डे चुकवत जावं लागतं.

काका ऐंशीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सून सुमनताईंनी आधी पाणी दिलं, मग चहा. मी यंत्र काकांच्या मांडीवर ठेवलं आणि माझी टकळी सुरू झाली. किती वाईट अवस्थेत मिळालं, नळ्या कशा बदलल्या, आतला पडदा कुठून मागवला. वर हेही सांगितलं, की कुणीतरी अडाण्यानं डब्यावर खिळ्यानं ओरखडे काढून ठेवले होते, ते घालवायला बफिंग मशीनवर माझे दोन रविवार गेले. आता बघा, आरशासारखं झालंय.

काकांचा अंगठा डब्याच्या कडेनं फिरत होता. एकदा फिरला, परत फिरला. मग एकाच जागी थांबला.

“आडवी बी गेली का?” त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. सुमनताई दारात उभ्या होत्या, त्यांनी सांगितलं. पंचक्रोशीत कुणी विहिरीत, तळ्यात बुडालं की लोक काकांना बोलवायला यायचे. काका माणूस वर काढून द्यायचे आणि त्या घरचं पाणीही न पिता परत यायचे. घरी आले की डब्यावर खिळ्यानं एक उभी रेघ ओढायची. कुठं काही लिहून ठेवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, फक्त रेघ. आडवी मात्र एकच होती. एक पोरगी जिवंत निघाली होती, तिची. घर बदलताना मुलानं सामानाबरोबर यंत्र भंगारात दिलं, तेव्हा काका दोन दिवस जेवले नव्हते.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो कुठं ठेवावा हे मला समजेना. तोंडून ‘अडाणी’ हा शब्द गेला होता आणि तो परत घेता येत नव्हता. मी माफी मागितली, पण ती माझी मलाच खोटी वाटली. अशी लाज मला याआधी कधी वाटली नव्हती.

“जाऊ द्या सर. तुम्हाला काय म्हाईत,” काका म्हणाले. “आलात तर बुडी मारूनच जा. मी दोर धरतो.”

नको म्हणायची सोय नव्हती. विहीर घरामागेच होती, दगडी पायऱ्यांची, पाणी हिरवं आणि थंड. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं खांबाला बांधलं आणि मधला भाग काकांनी हातात घेतला. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढा. (जुन्या यंत्रावर वर दोर धरणारा असल्याशिवाय उतरू नका आणि खोल जाऊ नका.) या यंत्राची मजा म्हणजे बुडबुडे डोक्यामागून निघतात, डोळ्यांपुढे काही येत नाही. एरवी त्याचं मला केवढं कौतुक. त्या दिवशी मी तळाच्या कपारीला धरून नुसता बसलो. वरून एक हिसका यायचा, मीही एक द्यायचो. ज्याच्या आयुष्याची वही मी कोरी केली, तोच माणूस वरून मला ठीक आहेस का विचारत होता. मला वर यायचंच नव्हतं.

जेवायला भाकरी, आंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. ताटात टाकणं वाईट दिसलं असतं, म्हणून सगळं संपवलं. निघताना मी म्हणालो, यंत्र ठेवून घ्या. काकांनी ते माझ्याकडे सरकवलं.

“मी काय करू आता याला? तुम्ही लोकांना दाखवा. पण तिथं लिवा, रेघा हुत्या म्हणून. आन् तुम्ही घासल्या, ते बी लिवा.”

मी त्यांच्याच बोलीत ‘हाव’, म्हणजे हो, म्हणालो.

घरी पोचल्यावर आधी फोनमधले साफसफाईच्या आधीचे फोटो शोधले. मी ते नेहमी काढतो. काढलेही होते, पण चांगली बाजू पुढे करून. ओरखड्यांची बाजू मीच मागे वळवली होती. कडेला तीन रेघा जेमतेम दिसतात. आडवी कुठेच नाही.

आठवडाभरानं सुमनताईंचा फोन आला. सासऱ्यांना त्या मामा म्हणतात.

“मामा इचारून राहिले, लिवलं का म्हणून.”

“हो, लिहिलं,” मी म्हणालो. लिहिलं नव्हतं. कपाटातली जुनीच चिठ्ठी लावलेली होती, ‘दुर्मीळ, उत्तम स्थितीत’.

फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलो. चार ओळींना तासभर लागला: या डब्यावर मारोतीकाकांनी पाण्यातून काढलेल्या माणसांच्या रेघा होत्या. एक आडवी रेघ जिवंत निघालेल्या मुलीची होती. मी त्यांना ओरखडे समजलो. मी त्या घासून काढल्या.

मग फोन लावून सुमनताईंना सांगितलं, की मघाशी खोटं बोललो, आत्ता लिहिलं. त्यांनी चिठ्ठी वाचायला सांगितली. मी वाचली. पलीकडे काका ऐकत असावेत, कारण शेवटच्या ओळीनंतर त्यांचाच आवाज आला, “बरं झालं.”

चिठ्ठी डोळ्यांच्या उंचीवर लावली आहे. घरी येणारे कपाटासमोर उभे राहून ती वाचतात आणि मग वळून माझ्याकडे बघतात.