आधी दिवा बंद कर

माझ्या धाकट्या भावाच्या, सुदामच्या, उजव्या पोटरीवर वीतभर लांब वण आहे. तो माझ्या हातचा आहे. भांडणातला नाही, त्याचं भलं करायला गेलो, त्यातला. त्यानंतर बरेच दिवस मी आमच्या गावच्या मारुतीपुढे गेलो नाही. देवळावरून जायची वेळ आली की सायकलची चेन उतरल्यासारखं करून खाली बघत जायचो. देवाने माझं ऐकलं की नाही, तेच कळत नव्हतं. आणि ऐकलं असेल, तर माझ्या तेवढ्या आरडाओरड्यातलं नेमकं काय ऐकलं, याची भीती वाटायची.

मी धामणगाव बढ्यात विहिरींवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देतो, ट्रॅक्टरचं वायरिंग करतो. आमच्याकडे ट्रॅक्टरला पुढे मोठाले एलईडी दिवे लावायची फार हौस. रात्री नांगरताना बांधापलीकडचा ससासुद्धा दिसला पाहिजे. या कामात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आलो आहे. मारुतीच्या देवळातही मी एक फोकस बसवून दिला होता, थेट देवाच्या तोंडावर. मूर्तीला डोळे मिटून घेता येत नाहीत, म्हणून ते चालून गेलं.

सुदाम मजुरीसाठी कोकणात गेला आणि तिकडचाच झाला. एका मोठ्या बंदराजवळच्या खाडीत त्याची फायबरची लहानशी मोटारबोट आहे. बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना तो भाजीपाला आणि पाण्याचे कॅन पोचवतो. जहाजांना रात्र काय, दिवस काय; त्यामुळे त्याचं येणं-जाणं बहुतेक वेळा अंधारात, जहाजं, माल वाहणारे सपाट बार्ज आणि मच्छीमारांच्या गर्दीतून. त्याला भेटायला निघालो तेव्हा आई म्हणाली, "त्याले पाहून ये. सुधरवायले जाऊ नको." आईला माझी खोड ठाऊक. मी मात्र पिशवीत कपड्यांच्या तळाशी ट्रॅक्टरचा दिवा गुंडाळून ठेवला होता.

त्याच्या बोटीवर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, असे दोन मिणमिणते दिवे होते. मला हसू आलं. "हे काय बे, वरातीची झालर?"

"दादा, ते आपल्याले दिसावं म्हणून नाहीत," सुदाम म्हणाला. "आपण दुसऱ्याले दिसावं म्हणून आहेत. लाल दिसला का हिरवा, त्यावरून समोरच्याले समजते आपण कोणीकडे जाऊन राह्यलो."

"पण तुलेच काही दिसत नाही, त्याचं काय?"

बॅटरी एकच, तीही लहान. सगळे दिवे तिच्यावर चालणार नव्हते. तो पेट्रोल आणायला गेला तेवढ्यात मी लाल-हिरव्याच्या तारा तोडल्या आणि माझा दिवा बोटीच्या नाकावर चढवला. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय आमच्यात कोणी बटण दाबत नाही. दिव्याला शेंदूर लावला, नारळ फोडला, रुईच्या पानांची माळ घातली. आमच्या गावातल्या देवांपैकी समुद्र ओलांडल्याचा अनुभव एकट्या मारुतीला. म्हटलं, आता काळजी मिटली. सुदाम आला. त्याने दिव्याकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. वडील गेल्यापासून तो माझा शब्द खाली पडू देत नाही. "वापस आल्यावर काढून टाकू, दादा," एवढंच म्हणाला.

जाताना उजेड होता. जहाजावर सामान चढवून परत फिरलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. मी दिवा लावला आणि समोरचं सगळं पांढरं झालं. बोटीचं नाक, उडणारे तुषार, दमट हवा, सगळं लख्ख. आणि त्याच्या पुढे नुसता काळोख. शेतात उजेड ढेकळांवर पडतो, म्हणून आपल्याला दिसतं. पाण्यावर त्याला टेकायला काही नसतं.

"दादा, बंद कर तो. मले काही दिसून नाही राह्यलं."

"डोळ्याले सवय होऊ दे," मी म्हणालो. समुद्रावरचा माझा एकूण अनुभव तेव्हा दीड तासाचा होता.

डावीकडून खडीने भरलेला बार्ज आला. आम्ही कोणीकडे चाललो आहोत हे त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण ते सांगणारे दिवे मी तोडले होते. त्याचे दिवे आम्हाला दिसायला मार्ग नव्हता, कारण माझा दिवा लागला होता. एकदम एक काळी भिंत अंगावर आली. सुदामने बोट झटक्यात वळवली. धडक टळली, पण लाटेने बोट अशी कलली की मी तळात आपटलो. उठून पाहतो तर मागच्या फळीवर कोणी नव्हतं. इंजिन चालू होतं.

मी इंजिनाचा दांडा धरला. इंजिन मला कळतं, बोट कळत नाही, हे मला तिथे समजलं. मी गोल गोल फिरत राहिलो. दिव्यात फक्त फेस दिसत होता. मी सुदामला हाका मारत होतो, मध्येच मारुतीला. किती नवस बोललो ते आता आठवत नाही. एकशे एक नारळ, देवळाला कळस, जन्मभर शनिवार. अशात खालून इंजिनाच्या पंख्याला काहीतरी लागलं. विहिरीतल्या मोटारीत दोर अडकला की येतो तसा आवाज. मी मनाला सांगितलं, दोरच असेल.

"दिवा बंद कर आधी," अंधारातून कोणीतरी म्हणालं.

मला माणूस दिसेना. मी म्हणालो, माझा भाऊ पडलाय.

"माहीत आहे. दिवा बंद कर."

केला.

"आता इंजिन."

केलं.

"आता तोंड."

देवाचं नाव घेतोय म्हणून सांगावंसं वाटलं, पण तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण गप्प बसलो. पाणी बोटीला चाटत होतं, तेवढाच आवाज. मी काही मागितलं नाही. मागायला तोंड उरलं नव्हतं, आणि हातही. जे व्हायचं ते आता माझ्याकडून होणार नव्हतं. मग मागून कुठूनतरी, माझ्या दिव्याने जिथे नुसता फेस दाखवला होता त्या बाजूने, एक खोकला ऐकू आला. लहानपणापासूनचा, ओळखीचा खोकला.

दोन वल्ही पाण्यात पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बारका कंदील असलेली एक लाकडी होडी माझ्याजवळ आली. तीत एक म्हातारा होता, आणि त्याच्या पायांशी सुदाम. पोटरी फाटलेली. म्हाताऱ्याने आपली लुंगी फाडून ती बांधली होती. त्याने दोन्ही बोटी एकमेकींना बांधल्या, आमच्या इंजिनावर स्वतः बसला आणि माझ्या खिशातली विजेरी आजूबाजूच्या बोटींना दिसेल अशी वर धरायला मला सांगितलं. "डोळ्यासमोर नको. आणि किनाऱ्याचे दिवे बघत राहा. ते जिथे मध्येच नाहीसे होतील तिथे जहाज आहे समज." मी सगळा रस्ता न दिसणाऱ्या दिव्यांकडे बघत आलो.

सुदामचा पाय वाचला. टाच मात्र आता नीट टेकत नाही.

तीन दिवसांनी मी त्या म्हाताऱ्याला शोधायला धक्क्यावर गेलो. तो सापडणारच नाही, असं मनात धरलं होतं. देव माणसाच्या रूपात येतो आणि मग सापडत नाही, अशा गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पण ते, यासीनचाचा त्यांचं नाव, पहिल्या फटक्यात सापडले, जाळं दुरुस्त करत बसलेले. मी पाया पडायला वाकलो. "तारा तोडणारा तूच काय?" म्हणाले, आणि मग जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं खरं होतं.

त्यांचा राग उतरल्यावर मी विचारलं, तुम्ही तिथे कसे? त्या संध्याकाळी त्यांचं इंजिन बंद पडलं होतं. दोन तास ते अंधारात वाहत होते, एका बारक्या कंदिलावर. "वर बघून तक्रार करत होतो," ते म्हणाले. "माझं इंजिन चालू असतं, तर तुझा भाऊ मलाही ऐकू आला नसता."

मी त्यांचं इंजिन उघडलं. पेट्रोलच्या नळीत ज्वारीच्या दाण्याएवढा कचरा होता. तो किती वेळ तळहातावर धरून बसलो, मला सांगता येणार नाही. ते काय होतं, याचा अर्थ लावायची माझी लायकी नाही; मी तर साध्या बोटीचे दिवेसुद्धा उलटे समजलो होतो.

गावी आल्यावर बरेच दिवस देऊळ टाळलं. शेवटी एका शनिवारी देवळात गेलो, स्टुलावर चढून फोकस काढला. पुजारी म्हणाला, "काऊन बे, जळाला का?" मी म्हणालो, "नाही. दिसत नव्हतं." मग मी तेलाच्या दिव्यासमोर बसलो, तोंड बंद करून. देवाचा चेहरा अर्धाच दिसत होता. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा पाहिला.

सुदाम पुन्हा बोट चालवतो. लाल-हिरवे दिवे त्याचे त्यानेच जोडले. अंधारात निघताना तो मला फोन करतो. "निघालो, दादा," म्हणतो. पूर्वी मी सूचना द्यायचो. आता "हाव" म्हणतो आणि गप्प बसतो. तो फोन खिशात चालूच ठेवतो. मी दुकानाच्या पायरीवर बसून, रेंज जाईपर्यंत, इंजिनाचा आवाज ऐकत राहतो.