मोटारीची बदनामी

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि ऐका. ही फजिती मी नाही सांगितली तर माझी सून सांगेल, आणि ती मीठमसाला लावून सांगते!

आमच्या ह्यांची जुनी काळी मोटार पाहिलीत ना, दारातली? ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण दर दसऱ्याला मीच तिला हार घालते. आता घरासमोर जागा एकाच गाडीची, आणि मुलाला, सुधीरला, घ्यायची नवी. म्हणजे जुनी जाणार, हे मी ओळखून होते. तोंडानं कोणी काही बोलत नव्हतं. पण न बोलणाऱ्यांचाच जास्त धाक, खरं की नाही?

तशात इंदूरबाहेर राऊ गावाकडे मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं. सुधीर म्हणाला, "आई, आपली गाडी ठेवू तिथे जुन्या गाड्यांच्या रांगेत. नंबर आला तर विकायचं नाव काढणार नाही."

म्हटलं, चल! राखणीला मी बसते.

सकाळपासून बसले खुर्ची टाकून. पण जुन्या गाड्यांकडे बघतं कोण? सगळं इंदूर समोरच्या बिजलीवाल्या गाडीला चिकटलेलं. ती म्हणे माणसाशी बोलते! अहो, बोलायला मी नव्हते का इथे? आमच्या रांगेत जो येई तो एक तर टॉयलेट कुठे ते विचारी, नाही तर पोह्यांची प्लेट बॉनेटवर ठेवून जिलबी आणायला जाई. एका बाईनं आमच्या आरशात बघून टिकली सारखी केली. मोटारीकडे? छे, नजरसुद्धा टाकली नाही.

दुपारी सूनबाई, वैशाली, दोन गाड्यांपलीकडे जाऊन फोनवर हळूच बोलताना दिसली. मी कान टवकारले.

"माणूस लगेच पाठवा. गाडी नीट बघून घेऊ दे. आज काम व्हायलाच हवं."

झालं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गिऱ्हाईक! इथल्या इथे परस्पर विकणार!

आणि खरंच, थोड्या वेळात एक जाड चष्मेवाला आला. वाकून चाकं पाहिली, दार वाजवून पाहिलं, आत डोकं घालून सीटचा वास घेतला. वास! भला माणूस सीटचा वास घेतो का? दलालच तो.

"अम्माजी, गाडी आपकी है?"

"है तो मेरी, भिया. पर किसी काम की नहीं."

"क्यों? दिखती तो अच्छी है."

"दिखने पे मत जाओ. इंजिन में चूहे हैं. तीसरी पीढी चल रही है."

त्यानं कागद काढून लिहायला घेतलं. मला अक्षर ओळखता येत नाही, पण पान भरत चाललंय एवढं तर कळतं! मला आणखी जोर चढला.

"और ब्रेक?"

"ब्रेक दबाओ तो हॉर्न बजता है. हॉर्न दबाओ तो दरवाजा खुलता है."

लोक थांबायला लागले. मग मी कशाला थांबते? पावसाळ्यात बाहेरपेक्षा आत जास्त पाणी पडतं म्हटलं. आमच्या गल्लीतली पोरं हिला धक्का मारून मारून पहिलवान झाली म्हटलं. त्या बोलणाऱ्या गाडीपुढची गर्दी माझ्यापुढे आली हो!

शेवटी त्यानं माझं नाव विचारून लिहून घेतलं आणि हात जोडून गेला. मी पदरानं घाम पुसला. वाचली मोटार!

एवढ्यात वैशाली धावत आली. "आई, येऊन गेले का परीक्षक? ते या रांगेकडे फिरकतच नव्हते. फोनवर किती विनवण्या केल्या मी! काय म्हणाले?"

मी पदरानं बॉनेट पुसायला घेतलं. "बराच... बराच वेळ बघत होते."

संध्याकाळी बक्षिसं. पहिला नंबर गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. मग चष्मेवाला स्वतः माईकवर आला. म्हणाला, आजवर जो मालक भेटला तो दोष झाकणारा. आज एक अम्मा भेटली, जिनं काही म्हणजे काही लपवलं नाही. तिला प्रामाणिकपणाचं खास बक्षीस, शाल आणि सर्टिफिकेट! आणि वाचली की त्यानं माझी सगळी यादी, उंदरांच्या तिन्ही पिढ्यांसकट.

सुधीर माझ्याकडे बघायला लागला. "आई, ब्रेक तर मी परवाच..."

"गप बस."

"आता कसली विकतेय गाडी," वैशालीनं कपाळाला हात लावला. "भंगारवालासुद्धा यायचा नाही!"

तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "सुमतीबाई, मंच पर आइए!"

वैशाली दचकली. "आई, हे तर माझ्या आईचं नाव!"

मग? दलालाला खरं नाव सांगतं का कोणी? घाईत विहीणबाईंचं आलं तोंडात, ते दिलं ठोकून.

काय करता! गेले, शाल घेतली, सुमतीबाई होऊन फोटो काढून घेतला. मोटार अजून दारात आहे, कोणी हात लावत नाही. सर्टिफिकेट मात्र देवासला, विहीणबाईंच्या बैठकीत टांगलंय. आल्यागेल्याला दाखवून त्या म्हणतात, "खोटं बोलायची आमच्याकडे रीतच नाही हो!"

आणि मी समोर बसून मान डोलावते.