गिअरच्या फटीत गेलेला चहा

आमच्या कोळवणात चहा न पाजता कुणाला जाऊ देत नाहीत. तुम्ही नको म्हणा, उठून चालायला लागा, गाडीत जाऊन बसा, चहा तुमच्या मागोमाग येतो आणि काचेतून आत दिला जातो. मला ही रीत कधीच आवडली नाही. पण माझं ऐकतंय कोण!

त्या सकाळी आम्हाला खरंच घाई होती. आईच्या उजव्या स्तनात गाठ होती. तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती. आईचा हात मुरगळला म्हणून चुलती तिला आंघोळ घालत होती, तेव्हा तिच्या हाताला ती लागली आणि तिनं मला पुण्याला फोन केला. त्यानंतर मी आईपुढे बोलून बोलून थकले. आधी म्हणे भातकापणी होऊ दे. मग गाय व्यायला झाली. मग एकादशी आली. अगं, गाठ काय तुझी एकादशी बघून थांबणारेय का? शेवटी धाकट्या भावानं पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली, गाठीचा तुकडा काढून तपासायचं ठरलं, आणि आई कशीबशी गाडीत बसली.

गाडी भावाची, नवी कोरी. तो हिंजवडीत नोकरीला, महाळुंग्यात फ्लॅट, तेव्हा गाडीही तशीच हवी. किल्ली लावायची नाही, बटण दाबायचं. गिअरला दांडा नाही, दोन सीटांच्या मध्ये एक गोल खुंटी, ती फिरवायची. समोर भला मोठा पडदा. गाडीत चढताना चपला झटका म्हणून तो सगळ्यांच्या मागे लागायचा. मी मुद्दाम झटकत नसे.

आई पुढे, मी मागे. भावानं बटण दाबलं, आणि चुलती पेला घेऊन धावत आली.

"आक्का, थांबा! गुळाचा चा टाकलाय. दोन घोट घ्या नि जावा."

"काकू, उशीर होतोय," भाऊ म्हणाला.

"तुला कोन देतंय? तुझ्या आईला देतीया."

पेला काचेतून आत गेला आणि पुढच्याच क्षणी सगळा चहा त्या गोल खुंटीवर. खुंटीच्या कडेनं फट होती, तिच्यात तो गडप झाला. पडदा दोनदा लुकलुकला. रखरखीत उन्हात वायपर फिरायला लागले. भाऊ वेड्यासारखा बटण दाबत सुटला.

"अरे दाबू नकोस, बंद कर ती!" मी ओरडले.

"बंदच होत नाहीये, ताई!"

मग झाली आपोआप बंद. पडदा काळा, खुंटी फिरेना, गाडी गोठ्यासमोर वाटेतच आडवी. भावानं सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, आता कशालाही हात लावू नका, बॅटरीची वायर काढा, कपड्यानं टिपून घ्या, आम्ही गाडी उचलायला ट्रक पाठवतो. चहात साखर होती का, असंही त्यानं विचारलं. गूळ होता, भाऊ म्हणाला. मग तो माणूस म्हणाला, नुसतं पाणी असतं तर वाळलं असतं, हे अवघड आहे.

भाऊ चुलतीवर असा काही घसरला की सोय नाही. जुनाट सवयी, नसता आग्रह, काय काय बोलला. एरवी ही बाई एकाला चार ऐकवणारी. त्या दिवशी मान खाली घालून घरात गेली आणि सूपभर तांदूळ घेऊन आली. नातवाचा मोबाईल हौदात पडला होता, तो तांदळात ठेवल्यावर चालू झाला, असं पुटपुटत तिनं नवी इंद्रायणी त्या खुंटीभोवती ओतली. आणि आमचा इंजिनियर? बघत उभा राहिला! म्हणे, ओल शोषून घेतात तांदूळ. निम्मे दाणे फटीत गेले, उरलेले गुळाला चिकटले. गोड भात शिजायचाच काय तो बाकी होता.

एव्हाना आई उतरून ओट्यावर जाऊन बसली होती. पाय पसरून, अगदी निवांत.

"देवाच्याच मनात न्हाई," ती म्हणाली. "फुडच्या महिन्यात बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत भाऊ पुन्हा चुलतीकडे वळला.

"ऐकलंत? तुमच्यामुळे गेला आजचा दिवस. उद्या आईचं काही बरंवाईट झालं तर?"

चुलतीनं पदर डोळ्याला लावला. तरीही एक शब्द बोलली नाही.

"तिला बोलू नगंस," आई म्हणाली. "चा म्या वतलाय."

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो.

"पेला नीट हातात आला हुता. मुद्दाम वतला. मोबाईल पान्यानं बंद पडतो, तर गाडीबी पडंल म्हनलं. आजचा दिस तरी टळंल." मग ती चुलतीला म्हणाली, "तू तर समूर हुतीस. पायलंस ना?"

"पायलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू, आक्का? तुमी भ्यालाव, आसं पोरास्नी सांगू व्हय?"

आईचा चेहरा एकदम बारीक झाला. "लई भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. "तितं गेलं की रोगाला नाव पडंल. हितं हाय तवर नुसती गाठ हाय."

आई रडायला लागली. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तितकंच भडभडून आलं. अशी कशी गं तू, एवढंच म्हणत मी तिला धरून बसले. भाऊ समोर येऊन उकिडवा बसला. "आई, खड्ड्यात गेली ती गाडी," म्हणाला. मग तो चुलतीच्या पाया पडला. तिनं त्याला पाठीत एक रट्टा घातला.

"आक्का, उठा," चुलती म्हणाली. "मी येते संगं."

भाऊ ट्रकची वाट बघत थांबला. त्यानं डॉक्टरांकडे फोन केला, दुपारपर्यंत आलात तरी चालेल असं कळलं. आम्ही तिघी रस्त्यावर आलो आणि पौडकडे निघालेली जीप थांबवली. चुलती घरातल्या लुगड्यावरच चढली. आई आमच्या मधे, दोघींचे हात धरून.

घाट संपला. मग आई माझ्या कानाशी वाकली.

"एक चांगलं हाय बग. गाठ जरासुदिक दुखत न्हाई. वाईट आसती तर दुखली आसती की न्हाई?"

न दुखणाऱ्या गाठीचीच आम्हाला जास्त काळजी वाटते, असं डॉक्टर फोनवर मला म्हणाले होते. आईनं माझा हात आणखी घट्ट धरला आणि पुन्हा विचारलं, "व्हय ना गं?"

"व्हय," मी म्हणाले.