बाबांच्या टॉर्चचा तुटका गोल

भुताखेतांचा विषय निघाला की मी एकच विचारायचो — तेव्हा उजेड किती होता? उजेड कमी म्हणून भुतं जास्त, हे माझं ठरलेलं उत्तर. २०११च्या थंडीनंतर मी हे कुणाला विचारलेलं नाही.

आम्ही जुन्या पनवेलला राहतो, खाडीपासून दहा मिनिटांवर. मला एलईडी टॉर्चचं वेड होतं. रविवारी दुपारी पडदे ओढून एकेक टॉर्च सारख्याच अंतरावरून भिंतीवर मारायचा, मधला प्रखर ठिपका केवढा, कडेचा उजेड कुठवर जातो, ते पेन्सिलने भिंतीवर आखायचं... बायको वैतागायची. सगळ्यांत भिकार टॉर्च बाबांचा. पडून आतली वाटी चेपलेली, त्यामुळे निळसर गोलाचा डावीकडचा तुकडा गायब — भाकरीचा घास तोडावा तसा.

त्या रविवारी मी नवा टॉर्च आणला होता. तुलना खरी हवी तर सेल ताजे हवेत, आणि घरात ताजे पेन्सिल सेल फक्त बाबांच्या टॉर्चमध्ये. काढले. परत घालायचे राहिले.

साडेपाचला बाबा खिळ्यावरचा टॉर्च घेऊन रोजच्यासारखे खाडीच्या बांधावर फिरायला गेले. कडी वाजलेली मी ऐकली. मान वर केली नाही.

साडेसात झाले तरी बाबा नाहीत. मोबाइल टीव्हीजवळच पडलेला. नवा टॉर्च घेऊन मी धावत सुटलो. त्यात त्यांचेच सेल होते! कोळीवाड्यातून बाबांचे दोस्त हिराकाका सोबत आले. भरती चढत होती. टॉर्चच्या झोतात समोरची तिवरांची झाडं पांढरीफटक दिसत होती, बाबा कुठेच नाहीत. हाका मारून घसा बसला, पण वाऱ्यात आवाज विरून जात होता. देव न मानणारा मी एकवीरेला नवस बोललो.

"बत्ती इजव," हिराकाका म्हणाले.

"काका, डोकं फिरलंय का? काय दिसणार मग?"

"आमचा मानूस खारीत ऱ्हायला त आमी पयली आपली बत्ती इजवतो. तुज्या उजेरात त्याचा उजेर कसा दिसल?"

"त्यांच्या टॉर्चमध्ये सेलच नाहीत हो, काका! मी काढलेत..." आणि मला रडू फुटलं.

काकांनी माझ्या हातातला टॉर्च घेऊन बंद केला.

मिट्ट काळोख. मग डावीकडे, तिवरांच्या पानांवर एक निळसर गोल दिसला. थरथरत होता. डावा तुकडा तुटलेला.

बांध खचून बाबा चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले होते. पाणी छातीला लागलेलं, टॉर्चचा हात तेवढा वर. आम्ही दोघांनी ओढून बांधावर घेतलं. "मघापासून दाखवतोय," ते कुडकुडत म्हणाले, "तू बघतच नव्हतास."

मी टॉर्च हातात घेतला, तो विझला. झाकण उघडलं. आत रिकामं. हिराकाकांनी बोट घालून चाचपलं आणि तेच बोट गुपचूप कपाळाला टेकवलं, देवाला नमस्कार केल्यासारखं.

नंतर इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राने सांगितलं, आत चार्ज साठला असेल. त्याला टॉर्च उघडून दाखवला. चार्ज साठेल असं आत काहीच नव्हतं. भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा झाला? मला आजही कळलेलं नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. सेल मी काढले होते, हे त्यांना शेवटपर्यंत सांगायची हिंमत झाली नाही.

टॉर्च अजून त्याच खिळ्यावर आहे, रिकामाच. कधी कधी घरात कुणी नसताना मी पडदे ओढतो, भिंतीसमोर उभा राहतो आणि "बाबा, सेल मी काढले होते" असं म्हणून बटण दाबतो... एकदाही लागलेला नाही.