खेळातलं घर
परवा उजनीच्या काठानं जाताना सुकणाऱ्या गाळाचा वास आला आणि मोबाइलमध्ये बांधलेलं एक घर आठवलं. सोलापुरात आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो. दुपारी पंखा गरम हवाच फिरवायचा, आणि मी कॉलेजातून आले की एक ऑनलाइन खेळ खेळत बसायचे. त्यात आपलं घर बांधायचं, कुंपण घालायचं, शेजारच्या खेळाडूंसोबत वस्ती राखायची. एकदा वडील जवळ येऊन बसले आणि म्हणाले, “दार उगवतीला घे की. आमचं तसंच व्हतं.” ते लहान असतानाच त्यांचं गाव उजनी धरणात गेलं होतं, त्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवसापासून ते सांगत गेले आणि मी बांधत गेले. दगडी ओटा झाला, गोठा झाला, मागे कडुलिंब लावला. वर्षभरानं खेळ कायमचा बंद होणार असल्याची सूचना आली. शेवटच्या दुपारी वस्तीतले पाचही खेळाडू माझ्या ओट्यावर जमले. वडील मोबाइलवर वाकून म्हणाले, “ही पोरं आता कुटं जाणार?” मी म्हटलं, “ज्याला जो खेळ आवडेल तिकडं.” “तसं करू नगा,” ते म्हणाले. “समदी एकाच ठिकाणी जावा. आमाला चार गावांत वाटलं, परत कुणी कुणाला भेटलं न्हाय.” मी ते सगळ्यांना लिहून पाठवलं. सगळ्यांनी हो म्हटलं. आज त्यातल्या एकाचाही ठावठिकाणा मला माहीत नाही.